स्वतःच्या फिल्मचं म्युझिक स्वतः करायचं की कंपोझर घ्यायचा? ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या दिग्दर्शकांसाठी

ठाण्यात, कळव्यात, ऐरोली-घणसोलीकडे अशी बरीच पोरंपोरी आहेत जी कॉलेजात एकांकिकांना म्युझिक ऑपरेट करायची, विंगेत लॅपटॉप घेऊन बसायची, नटाच्या श्वासावर क्यू सोडायची, आणि आता त्यांना फिल्म करायचीये. गाणी स्वतः बांधतात, कॅमेरा मित्राचा आहे, स्क्रिप्ट तयार आहे. आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न, की डिरेक्शन मी करतोय तर म्युझिकही मीच करू का, की बाहेरचा कंपोझर घेऊ? मी दोन्ही बाजूंनी काम केलंय, स्वतःच्या शॉर्टफिल्मना म्युझिक दिलंय, दुसऱ्यांच्या फिल्मना दिलंय, आणि स्वतःच्या एका फिल्मला मुद्दाम बाहेरचा माणूस घेतलाय, म्हणून जे दिसलं ते इथे सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना घोळ नको. पैसे वाचतात म्हणून स्वतः म्युझिक करू नका. आणि 'मला म्युझिक येतं' हेही कारण पुरेसं नाही. तुम्हीच बांधलेली चाल तुमच्याच सीनमधून काढून टाकायची वेळ आली तर ती काढेल कोण, हे आधी ठरवा. असा कोणी असेल, म्हणजे एडिटर, साउंडवाला किंवा अगदी तुम्ही स्वतः, तर खुशाल स्वतः करा. नसेल तर कंपोझर घ्या, कारण कंपोझरचे पैसे सुरांचे कमी आणि त्या दुसऱ्या कानाचे जास्त असतात.

आता मुळात म्युझिक म्हणजे एक काम नाही, दोन आहेत. गाणी वेगळी, बॅकग्राउंड (सीनखाली वाजणारं म्युझिक) वेगळं. चाल सुचणारा माणूस बॅकग्राउंड करेलच असं नाही आणि उलटही तसंच. संजय लीला भन्साळी 'गुजारिश' (२०१०) पासून स्वतःच्या सिनेमांची गाणी स्वतः करतात, पण 'बाजीराव मस्तानी'चं (२०१५) बॅकग्राउंड संचित बल्हाराने केलंय. एवढं बजेट, एवढा ताबा असलेला माणूससुद्धा ही वाटणी करतो तर आपण १५-२० मिनिटांच्या फिल्मसाठी का करू नये? म्हणजे 'सगळं मी' आणि 'सगळं तो' यांच्यामध्ये तिसरी वाट आहेच, थीम किंवा गाणं तुमचं, बॅकग्राउंड दुसऱ्याचं. माझ्या मते पहिल्या मोठ्या फिल्मसाठी हीच सगळ्यात शहाणपणाची.

सत्यजित रे यांचं नाव या चर्चेत सगळे घेतात, की बघा ते स्वतः म्युझिक करायचे. हो, पण १९६१ च्या 'तीन कन्या'पासून. त्याआधी 'पथेर पांचाली'ला (१९५५) रविशंकर, 'जलसाघर'ला (१९५८) विलायत खाँ, 'देवी'ला (१९६०) अली अकबर खाँ. म्हणजे पहिली काही वर्षं त्यांनी देशातल्या सगळ्यात मोठ्या वादकांसोबत बसून काढली आणि मग स्वतः सुरू केलं. 'पथेर पांचाली'चं बरंचसं म्युझिक एका रात्रीच्या सेशनमध्ये रेकॉर्ड झालं, रविशंकरांना वेळच नव्हता, आणि एका तुकड्यासाठी तर कॅमेरामन सुब्रत मित्र यांनीच सतार वाजवली. मोठा वादक घेतला की तारखांची ही ओढाताण आलीच, आणि रे पुढे स्वतः करायला लागले त्याचं एक कारण हे असणार. दुसरं म्हणजे त्यांच्या डोक्यात स्वतःच्या कल्पना यायला लागल्या होत्या, आणि मोठ्या वादकाला सारखं 'असं नको, तसं कर' सांगणं कोणालाच सोपं जात नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना रे यांचं १९६१ नंतरचं आयुष्य हवंय, आधीची वर्षं कोणाला नकोत.

मराठीत याचं उदाहरण म्हणजे 'गुळाचा गणपती' (१९५३). सबकुछ पु.ल. लेखन, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका सगळं त्यांचंच, आणि त्यातलं भीमसेन जोशींनी गायलेलं 'इंद्रायणी काठी' आजही कुठल्याही भजनी मंडळात ऐकू येतं. पण इथेही बघा, पु.लं.नी त्याआधी दुसऱ्यांच्या सिनेमाला संगीत दिलेलं होतं, 'देव पावला'मधलं (१९५०) 'कबीराचे विणतो शेले' त्यांचंच. म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीसाठी चाल बांधायची सवय आधी झाली, मग स्वतःच्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, पुढे परत येतो त्यावर.

बरं, आता प्रत्यक्ष काय फरक पडतो ते दोन सीनवर दाखवतो, कारण नुसतं बोलून कळत नाही.

कळव्याच्या एका मित्राची फिल्म. जांभळी नाक्याला घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान, म्हातारा दुकान कायमचं बंद करतोय. मित्र स्वतः उत्तम पेटी वाजवतो, त्याने सीनवर स्वतःचं स्क्रॅच, म्हणजे कच्चं म्युझिक, टाकलेलं, शटर खाली आलं की धाड् आणि त्याच क्षणी पेटीचा पहिला स्वर. ऐकायला सुंदर. मला बॅकग्राउंडला बोलावलं होतं आणि मी तो सीन चार-पाचदा आवाज बंद करून बघितला. शटर पडतं, म्हातारा वाकून कुलूप लावतो, चावी खिशात टाकतो, दोन पावलं जातो, परत येतो आणि कुलूप एकदा ओढून बघतो. रोजची सवय. आता आत काहीच नाहीये चोरायला, तरी ओढून बघतो. सीन तिथे आहे! मित्राला शटरच्या धाडवर सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, मिळाली होती म्हणून त्याने तिथे सुरुवात केली, वादकाचा कान समेवरच जातो, त्यात त्याची चूक काहीच नाही. आमचं बरंच भांडण झालं. शेवटी म्युझिक कुलूप ओढल्यानंतर सुरू केलं, तोपर्यंत फक्त शटर, कुलपाचा आवाज आणि मागे मार्केटचा गलका, आणि वाजलं ते त्याच्याच चालीतले पहिले तीन स्वर, पेटीऐवजी बासरीवर. चाल त्याचीच राहिली, जागा बदलली. ही जागा त्याला एकट्याला दिसणं अवघड होतं, कारण ती चाल त्याने शूटिंगच्या आधीपासून गुणगुणलेली होती.

आता उलट बाजू. माझी स्वतःची फिल्म, तुर्भे स्टेशनवर एक बाई लोकल सोडून देते, बसत नाही, गाडी निघून जाते आणि कट. मी सारंगीवर एक ओळ रेकॉर्ड करून घेतलेली, वाजवणाऱ्याने शेवटचा स्वर थोडा लांबवला, मींडीने, म्हणजे न तोडता घसरवत, खाली आणला, आणि तो कटच्या पुढे चालला होता १४ फ्रेम. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. बाहेरचा कंपोझर असता तर त्याने स्वर छाटला असता, कारण पिक्चर लॉक झालेलं, म्हणजे एडिट पक्का ठरलेला. मी एडिट उघडला आणि शॉट १४ फ्रेम लांबवला. त्या लांबवलेल्या तुकड्यात बाईची नजर गाडीवरून हटून रिकाम्या रुळाकडे जाते, जी एडिटमध्ये उडाली होती. फिल्म बघितलेले लोक त्या नजरेबद्दल बोलतात. एडिटची टाइमलाइन आणि म्युझिकची टाइमलाइन एकाच माणसाच्या हातात असली की हे होतं, आणि हा फायदा पैशाने विकत मिळत नाही.

म्हणून स्वतः करण्याच्या बाजूने खरा मुद्दा हा आहे, बजेट नाही. अमेरिकन दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने 'हॅलोविन' या हॉररपटाचं (१९७८) म्युझिक स्वतः केलं ते पैसे नव्हते म्हणून, हे बरोबर, पण ते चाललं कारण त्याने आपल्याला जेवढं येतं तेवढंच वापरलं, पाच मात्रांचा एक पियानोचा तुकडा, तोच परत परत. आपल्याकडे उलटं होतं, लॅपटॉपवर अख्खा ऑर्केस्ट्रा फुकट मिळतो म्हणून आईच्या साध्या फोनच्या सीनखाली ३० व्हायोलिन वाजतात.

वेळेचं गणित कोणी बोलत नाही पण सगळ्यात जास्त फिल्म इथेच अडकतात. पिक्चर लॉक झाल्यानंतरचे आठवडे दिग्दर्शकाचे सगळ्यात धावपळीचे असतात, डबिंग, फोली (पावलं, दार असे आवाज नंतर रेकॉर्ड करणं), कलर, सबटायटल, पोस्टर, फेस्टिव्हलचे फॉर्म. नेमके तेच आठवडे कंपोझरचे असतात. दोन्ही तुम्हीच असाल तर यातलं एक काम रात्री १२ नंतर होणार आणि बहुतेक वेळा ते म्युझिक असतं, त्यामुळे थकलेल्या कानाने मिक्स होतं आणि सकाळी सगळं कर्कश्श वाटतं. शिवाय स्वतःच कंपोझर असलात की पिक्चर लॉक खरं लॉक होतच नाही. वरची १४ फ्रेमची गोष्ट छान आहे, पण तोच मोह प्रत्येक सीनला झाला तर फिल्म वर्षभर संपत नाही. बाहेरचा कंपोझर असला की तो ओरडतो, बाबा रे, लॉक कर, तू अर्धा सेकंद कापलास की माझे पुढचे सगळे क्यू सरकतात. हे ओरडणं फिल्मच्या भल्याचं असतं.

खर्चाचं थोडक्यात. सॉफ्टवेअर ही आता अडचण नाहीच, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं साधं लायसन्स ६० डॉलरला आहे, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये साउंडसाठी फेअरलाइट येतं. खर्च होतो तो वादकांवर आणि मिक्सवर, आणि हे दोन्ही तुम्ही केलं काय नि कंपोझरने केलं काय, द्यावेच लागतात. म्हणजे वाचतं ते फक्त कंपोझरचं मानधन. ते वाचवून अस्सल वादक बोलवणार असाल तर ठीक, बासरी किंवा सारंगी सॅम्पलवर (लॅपटॉपमधल्या तयार रेकॉर्ड स्वरांवर) मींड घेत नाही, घेतली तरी कळते. पण ते वाचवून ड्रोन शॉट घेणार असाल तर कृपया कंपोझर घ्या.

आपल्याकडची एक वेगळी भानगड म्हणजे जागा. घोडबंदर रोडला राहणाऱ्याला माहितीये की रात्री शांतता असेल म्हणून माइक लावावा तर तेव्हाच ट्रक-ट्रेलर सुटतात. कळवा-मुंब्र्याला रुळाच्या जवळ घर असेल तर हॉर्न. गणपती ते नवरात्र या काळात तर ठाण्यात घरी काही रेकॉर्ड करायचा विचारच सोडा, ढोलपथकांचा सराव त्याच्याही आधीपासून सुरू होतो. खारघर-उलव्याकडे सेक्टरच्या आतल्या गल्ल्या त्या मानाने बऱ्या. रबाळे-महापेकडे एमआयडीसीत गाळा भाड्याने घेऊन जॅमरूम करणं हा एक मार्ग आहे, चार जण मिळून घेतला तर परवडतो, फक्त पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असलेला गाळा घेऊ नका. सांगायचा मुद्दा, स्वतः म्युझिक करणार असाल तर ट्रॅक घरी बनवा, पण वादकाचं रेकॉर्डिंग आणि शेवटचं मिक्स बाहेरच करा. आणि कंपोझर घेणार असाल तर शक्यतो तो आपल्या बाजूचाच शोधा. अंधेरी-आराम नगरला बसणारा माणूस चांगला असेल, पण ठाण्याहून घाटकोपर, तिथून वर्सोवा मेट्रो, असं करत आठवड्यातून किती वेळा जाणार? बॅकग्राउंडचं काम शेजारी बसून होतं, ड्राइव्हच्या लिंका पाठवून होत नाही.

आता कंपोझर घेतलात तर त्याच्याशी बोलायचं कसं, हा म्युझिक येणाऱ्या दिग्दर्शकांचा मोठा प्रॉब्लेम. ज्याला काही येत नाही तो दिग्दर्शक म्हणतो 'जरा अजून उदास कर', आणि कंपोझर हसून काहीतरी करतो. ज्याला येतं तो म्हणतो 'इथे कोमल धैवत नको, शुद्ध घे', आणि तिथे कंपोझरचा रस संपतो, तो मग फक्त तुमचा ऑपरेटर होतो. मधलं बोला. पात्राबद्दल बोला. 'ती अजून त्याला माफ करायला तयार नाहीये, पण तिला स्वतःला ते माहीत नाही' असं सांगितलंत तर चांगला कंपोझर काय करेल हे तुम्हाला सुचणारही नाही. आणि टेम्प ट्रॅक (खरं म्युझिक येईपर्यंत एडिटवर टाकलेलं तात्पुरतं म्युझिक) म्हणून स्वतःचीच चाल एडिटवर महिनाभर चालवू नका, तिची इतकी सवय होते की दुसरं काहीही चुकीचं वाटायला लागतं. टेम्प टाकायचाच असेल तर दुसऱ्याचा, आणि कंपोझर यायच्या आधी काढून टाका.

हक्कांचा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा, कारण पुढे फिल्म विकायची वेळ आली की पहिला कागद हाच मागतात. बाहेरचा कंपोझर असेल तर मित्र असला तरी लेखी करार करा, फिल्मसोबत कुठे कुठे वापरणार, गाणं वेगळं रिलीज करायचा हक्क कोणाचा, नाव कसं येणार. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा, म्हणजे थिएटरमध्ये फिल्मसोबत वाजतं ते सोडून बाकीच्या वापराचा, करारात लिहून काढून घेता येत नाही, त्यामुळे 'सगळे हक्क कायमचे आमचे' असा नेटवरून उचललेला मसुदा वापरू नका. स्वतः केलंत तर हे सोपं, संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा, आपल्या रचना नोंदवा. पण बँडमधल्या गिटारवाल्याने त्यात एखादी ओळ वाजवली असेल, बनवली असेल, तर त्याचीही सही घ्या.

आणि दोन सापळे. एक, रेडिमेड लूप, म्हणजे परत परत वाजवायचे तयार तुकडे. लायसन्स असलं तरी तोच लूप आणखी हजार जणांकडे आहे, यूट्यूबवर कोणीतरी त्याच्यावर दावा ठोकतो आणि तुमच्याच फिल्मवर क्लेम येतो. दोन, अभंग. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत पण तुम्हाला पाठ असलेली चाल बहुतेक वेळा कोणा संगीतकाराची असते, आणि आपल्याकडे ती संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षित असते. अभंग घ्या, चाल स्वतः बांधा, तेवढं तर येतंच की तुम्हाला.

करिअर म्हणून बघितलं तर दोन्ही कामं येणं हा मला मोठा आधार वाटतो, फक्त तो वेगळ्या कारणासाठी. इंडिपेंडंट दिग्दर्शकाला दोन फिल्मच्या मध्ये वर्षं जातात. त्या काळात घर चालवायला काय? महापे-ऐरोलीच्या कंपन्यांचे कॉर्पोरेट व्हिडिओ, लग्नाच्या फिल्म, किंवा मग म्युझिक, म्हणजे सिरियलचं बॅकग्राउंड, जिंगल, एकांकिका, नाटकं. मी म्युझिक निवडतो कारण त्यात दुसऱ्यांच्या गोष्टी आतून बघायला मिळतात, एडिटच्या टेबलावर दुसरा दिग्दर्शक कुठे अडतोय ते दिसतं. रे यांनीही दुसऱ्यांच्या फिल्मला म्युझिक दिलं, 'शेक्सपिअर वाला' (१९६५) त्यातलीच. विशाल भारद्वाज तर 'माचिस' (१९९६) सारखं म्युझिक देऊन मग 'मकडी'ने (२००२) दिग्दर्शक झाले, आणि संगीतकार म्हणून काम मिळत राहावं हेही त्यामागे होतं असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. तोटा एकच, आणि तो खरा आहे, एकदा लोकांनी तुम्हाला म्युझिकवाला म्हणून ओळखलं की प्रोड्यूसर तुमच्या स्क्रिप्टऐवजी तुमच्या गाण्यांबद्दल विचारतो. त्यामुळे म्युझिकची कामं घेताना वर्षातून एक तरी शॉर्टफिल्म स्वतःच्या नावावर दिग्दर्शित करत राहा, लहान का असेना.

तर ठरवताना मी असं बघेन. फिल्म १५ मिनिटांच्या आतली, एडिट दुसरा कोणी करतोय आणि तो तुमच्या तोंडावर बोलणारा आहे, तर म्युझिक स्वतः करा. लेखन, दिग्दर्शन, एडिट तिन्ही तुमचंच असेल तर म्युझिक अजिबात स्वतः करू नका, तुमच्या हुशारीवर शंका नाही, पण चौथ्या खुर्चीतही तुम्हीच बसलात तर खोलीत दुसरं कोणी उरत नाही. आणि आतापर्यंत फक्त गाणी केली असतील, बॅकग्राउंड कधीच नाही, तर आधी दोन-तीन मित्रांच्या फिल्मना करून द्या, वर पु.लं.चं सांगितलं ते यासाठीच. दुसऱ्याच्या सीनमधून स्वतःची आवडती चाल काढायला लागली की सवय होते.

एकाच प्रकारच्या फिल्मला हे सगळं लागू नाही, ती म्हणजे जिच्यात पात्र पडद्यावर गातं किंवा वाजवतं. भजनी मंडळाची गोष्ट, कोळीवाड्यातल्या बँडची गोष्ट, गायिकेची गोष्ट. इथे म्युझिक शूटिंगच्या आधी लागतं, सेटवर प्लेबॅक वाजवायला, आणि शूटला आल्यावर टेम्पो बदलता येत नाही. अशा फिल्मची गाणी तुमच्या डोक्यात स्क्रिप्टसोबतच आलेली असतील तर ती तुम्हीच करा, दुसऱ्याला देऊ नका, किंवा द्यायचीच असतील तर त्याला पहिल्या ड्राफ्टपासून सोबत घ्या. शूटच्या आधी गाणं पूर्ण रेकॉर्ड झालेलं पाहिजे, क्लिकसकट (लय दाखवणाऱ्या टिकटिकीसकट) वेगळी फाइल काढून ठेवा, नटाला निदान महिनाभर आधी द्या, आणि पखवाजावर कोणाचे हात दिसणार असतील तर वाजवणारा खराच घ्या, कॅमेऱ्याला थाप आणि आवाज यांच्यातला फरक लगेच दिसतो.